वाईट बातमीचा सराव

आई चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून घरी आली तेव्हा तिला पाय वर घेऊन नुसतं बसायचं होतं. पण सोफ्यावर मामा मरत होता.

तसा तो मागच्या आठवड्यातही मेला होता, पण तेव्हा खुर्चीत. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. खालच्याच मजल्यावर राहायचा, शिलाई मशीन दुरुस्त करायचा, आणि भाचीला डॉक्टर व्हायचंय हे कळल्यापासून आपल्या अंगात एक मोठा नट दडलेला आहे असा त्याला शोध लागला होता. आता तो छातीवर हात ठेवून कण्हत होता. समोर स्टुलावर ती भाची, ठकू, बसली होती, गुडघे जुळवून, मान जराशी कलती करून.

"हे ऐकून तुम्हाला केवढा धक्का बसला असेल, मी समजू शकते," ठकू म्हणाली.

"अगं, अजून सांगितलंच नाहीस तू काही," मामा मरता मरता म्हणाला.

आईने पर्स टेबलावर टाकली आणि कपाळाला हात लावला. सोफा गेला, म्हणजे आता स्वयंपाकघरातल्या खुर्चीशिवाय गत्यंतर नव्हतं. तिथे गेली तर खुर्चीवर मेंदूचं प्लास्टिकचं मॉडेल बसलेलं.

प्रवेशपरीक्षा एकदाची पार पडली होती. मार्क चांगले होते, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण ठकूने अर्ज केलेल्या तिन्ही मेडिकल कॉलेजांचं नुसत्या मार्कांवर भागत नाही. ती मुलाखत घेतात, तीही साधी नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरवतात, आणि त्यातल्या एका खोलीत खोटा पेशंट बसवलेला असतो. त्याला वाईट बातमी द्यायची. कशी देता त्यावर मार्क. ठकूचं घोडं नेमकं इथे अडत होतं. क्लासच्या सरांनी त्यासाठी पायऱ्या शिकवल्या होत्या: पेशंटला बसवा, जवळ पाण्याचा पेला ठेवा. त्याला आधी काय माहीत आहे ते विचारा. बातमी चांगली नाही असा इशारा द्या. मग सांगा. आणि सांगून झालं की गप्प बसा, उठू नका.

ठकूला बाकी सगळं जमायचं. सांगणं आणि गप्प बसणं, ही दोन तेवढी जमायची नाहीत. सांगायची वेळ आली की ती ताकाला जाऊन भांडं लपवायची, आणि एकदा का बातमी तोंडातून निसटली की दुसऱ्या क्षणाला तोंडाची टकळी सुरू. उपचार, आशा, आकडेवारी, पुन्हा आशा. पेशंट बिचारा बातमीने नाही तर बडबडीने जायचा.

हा पेशंट बहुतेक वेळा आईच असायची. गेल्या काही महिन्यांत तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, एक पाय कापावा लागला होता आणि न झालेला मुलगा अपघातात दगावला होता. हे सगळं भाजी चिरता चिरता. प्रत्येक वेळी शेवटी दहापैकी मार्क द्यायचे आणि काय चुकलं ते सांगायचं, असा नियम होता. आईने अजून कधी सहाच्या वर मार्क दिले नव्हते.

हेही एक वेळ चाललं असतं. पण सरांची ती भाषा आता पोरीच्या जिभेवर बसली होती आणि घरातही उतरत नव्हती. ओला टॉवेल पलंगावर पडलेला पाहून आई ओरडली, तर ठकू मान कलती करून म्हणाली, "तुला राग आलाय हे मला दिसतंय. त्याबद्दल आणखी सांगशील?"

"सांगते," आई म्हणाली. "आधी तो टॉवेल उचल."

"म्हणजे टॉवेल हा तुझ्यासाठी महत्त्वाचा विषय आहे."

अशा वेळी आई छताकडे बघून म्हणायची, "एकदाची मिळू दे हिला अ‍ॅडमिशन आणि एकदाची जाऊ दे. म्हणजे मी सुटले." दिवसातून किती वेळा म्हणायची याची तिलाही गणती नव्हती.

आणि ते धादांत खोटं होतं. बाबा गेल्यापासून घरात दोघीच. आईला ठकू हवी होती ती इथे, याच घरात, ओल्या टॉवेलासकट. त्यासाठी तिची सगळी भिस्त जवळच्या कॉलेजवर होती. बसने दोन थांबे. त्याची पाण्याची टाकी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. दुसरं कॉलेज लांबचं, रात्रभराच्या प्रवासावर. त्याचं नाव मोठं होतं आणि आईला ते नाव काढलेलंही खपत नव्हतं. या दोन्हीकडच्या मुलाखती झाल्या होत्या, उत्तरं यायची होती. तिसऱ्या कॉलेजची मुलाखत सोमवारी होती. पण ते आपलं कुठेच नाही जमलं तर म्हणून ठेवलेलं. तिथे जायची वेळ येऊ नये असं मामासुद्धा म्हणायचा.

जवळचंच व्हावं हे आपण मनात ठेवलंय, पोरीवर लादलेलं नाही, असा आईचा समज होता. प्रत्यक्षात ती खिडकीशी उभी राहिली की म्हणायची, "टाकीला नवा रंग दिलाय वाटतं. छान जागा आहे ती. दुपारी जेवायलासुद्धा घरी येता येईल माणसाला."

ठकू त्यावर काही बोलायची नाही. एरवी बोलणं थांबायचं नाही, पण इथे मात्र अळीमिळी गुपचिळी.

मामा सोफ्यावर मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ठकू घराची किल्ली विसरली. यात नवं काही नव्हतं. ती किल्ली मागायला दुकानात आली तेव्हा आई मागच्या टेबलाशी डोकं धरून बसली होती. एका टॅक्सीवाल्या काकांच्या चष्म्याची काच बसवताना आईच्या हातून तडकली होती, आणि काका काउंटरशी येऊन उभे होते.

"मी सांगू त्यांना?" ठकूचे डोळे चमकले. "आई, प्लीज. खरा माणूस, खरी वाईट बातमी."

आईचा हात स्क्रूंच्या डबीत होता. एवढासा स्क्रू आणि एवढासाच पेचकस, लक्ष हटलं की गेला जमिनीवर. "सांग आणि मिटव," ती म्हणाली. ही तिची चूक.

ठकूने काकांना खुर्ची दिली. पाणी दिलं. स्वतः समोर बसली.

"काका, तुमच्या चष्म्याबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय माहिती आहे?"

"आज मिळणार, एवढंच," काका म्हणाले.

"बरं. मला तुम्हाला जे सांगायचंय ते दुर्दैवाने चांगलं नाही. तुमच्यासोबत घरचं कुणी आलंय का?"

काकांनी पेला खाली ठेवला. "डोळे गेले का माझे?"

"तुम्हाला भीती वाटणं साहजिक आहे."

"पोरी, मी टॅक्सी चालवतो. लायसन्स जाईल माझं. घरी बायको..." ते उठायला गेले आणि तिथेच बसले. चेहरा पांढराफटक पडला होता.

आई पेचकस टाकून धावत बाहेर आली. "काच फुटली काका. माझ्या हातून. चार दिवसांत नवी बसवून देते. डोळे धडधाकट आहेत तुमचे."

काकांनी आधी देवाचे आभार मानले आणि मग आईला काय काय ऐकवलं ते इथे न सांगितलेलं बरं. दुकानाचा मालक आतल्या खोलीतून बाहेर आला, सगळं ऐकून घेतलं आणि आईकडे नुसतं बघून परत आत गेला. ते बघणं शिव्यांपेक्षा वाईट होतं.

संध्याकाळी दोघी घरी जाताना रस्ताभर आईच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "फुटली तर फुटली म्हणावं. माणसाला असं हळूहळू भाजायचं नसतं. ज्याला ऐकायचंय त्याचे प्राण कंठाशी आलेत आणि तुझी प्रस्तावनाच संपत नाही. सांगायचं ते एका वाक्यात सांगायचं. आणि मग तोंड बंद. ऐकतेयस का? की पालथ्या घड्यावर पाणी?"

"ऐकतेय," ठकू म्हणाली. आज तिने 'तुला राग आलाय हे मला दिसतंय' म्हटलं नाही. आईला तेवढ्यानेही बरं वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मामाची मरायला यायची वेळ होऊन गेली होती.

"आज नट कुठे राहिला?"

"मीच सांगितलं त्याला, नको येऊस म्हणून," ठकू म्हणाली. तिने रेडिओ बंद केला. खुर्ची ओढून आईच्या बाजूला घेतली, मध्ये टेबल येणार नाही अशी. गुडघे जुळवून बसली. "आई, मला बोलायचंय तुझ्याशी."

झालं सुरू, आई मनात म्हणाली. मुलाखत सोमवारी होती, म्हणजे अजून दोन दिवस हे सोसायचं होतं. "बोल. आज काय गेलंय माझं? हृदय की यकृत?"

"काही नाही. आज तू तूच आहेस."

"हे नवीन आहे." आईने एक शेंग मोडली. "बरं, चालू दे."

"कॉलेजांचं तुला आतापर्यंत काय माहीत आहे?"

आता प्रश्नपत्रिकेत घरचेच विषय आले वाटतं, असं आईला वाटलं. पण पेशंटचं काम इमानाने करायचं म्हणून तिने उत्तर दिलं. "दोघांचं उत्तर यायचंय. तिसरीकडे सोमवारी जायचंय."

"उत्तरं आलीत. काल एक आलं, आज एक. आणि मी जे सांगणार आहे ते तुला आवडणार नाही."

"इशारा चांगला दिलास. आवाज मात्र कापतोय. डॉक्टरचाच आवाज कापला तर पेशंटने कुणाकडे बघायचं?"

ठकू थांबली नाही. "मला दोन्हीकडे मिळालंय. मी लांबच्या कॉलेजात जाणार आहे."

आईने दाणे भांड्यात टाकले. वाक्यं आखूड, सरळ. काकांचा प्रसंग कामी आला म्हणायचा. "वा," ती म्हणाली. "हे आवडलं मला. डोळ्यांत पाणी आणलंस ते मात्र नको, नाटकी वाटतं. पण तरी सात. दहापैकी सात."

एवढं बोलून ती पुढची बडबड सुरू व्हायची वाट बघत राहिली. उपचार, आशा, आकडेवारी. हे सगळं येणार आणि तिसऱ्या वाक्याला आपण 'गप्प बस' म्हणणार, हे ठरलेलं होतं.

बडबड आली नाही. आईने एक शेंग सोलली, मग दुसरी. ठकू गप्प होती. इतक्या महिन्यांत जे एकदाही जमलं नव्हतं ते आज तिला जमत होतं. आईने मान वर करून पाहिलं. पोरीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"जवळचं मिळालंय?" आईने विचारलं.

"हो."

"मिळालंय आणि नको."

"नको."

"का?" आईचा आवाज चढला. "काय वाईट आहे त्यात? दोन थांबे. दुपारी घरी जेवायला..."

"तेच. मी नाही आले जेवायला तर तू डबा घेऊन वर्गात येशील."

"येणारच."

"आई, मला माझा मोजा सापडत नाही. तो तू शोधतेस. किल्ली तू शोधतेस. चष्मा कपाळावर असला तरी तूच सांगतेस. उद्या कुणीतरी स्वतःचा जीव माझ्या हातात देणार आहे." ठकूने नाक ओढलं. "आणि कॉलेज ते चांगलंच आहे. तुलाही माहितेय."

आईला माहीत होतं. म्हणूनच संताप होत होता. तिला पुष्कळ बोलायचं होतं. तिथे आजारी पडलीस तर कोण बघेल. तू भात लावतेस तो तळाला लागतो. मी या घरात संध्याकाळी कुणावर ओरडू. पण मनात आलं ते भलतंच. टॉवेल उचल म्हणून हजार वेळा सांगितलं, ते कधी ऐकलं नाही या मुलीने. दारं लाव, दिवे बंद कर, तेही नाही. आणि 'एकदाची जाऊ दे हिला, म्हणजे मी सुटले', हे तेवढं ऐकलं.

"मी ते म्हणायचे ना," आई म्हणाली. "जा म्हणून. सुटले म्हणून. ते काही..."

"माहितेय मला," ठकू म्हणाली.

आईने हातातली शेंग उलटीसुलटी केली. ती रिकामीच होती, मघाशी सोललेली. आईला रडायचं नव्हतं. पोरीने एवढं सरळ सांगितल्यावर आपण पाघळायचं म्हणजे तिच्या कामावर पाणी ओतणं. तिने पदराने डोळे टिपले नाहीत, मनगटाने टिपले, कारण बोटं मटाराने हिरवी झाली होती.

"कसं झालं?" ठकूने हळूच विचारलं. "खरंखरं सांग."

आईने नेहमीसारखी चूक शोधायला घेतली. बसवलं होतं. विचारलं होतं. इशारा होता. सांगितलं होतं तेही चांगलं. इतका राग आला होता तिला की काहीतरी सापडायलाच हवं होतं.

"पाणी ठेवलं नाहीस," ती शेवटी म्हणाली.

"अगं हो." ठकू चटकन उठायला लागली. आईने हिरव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि तिला खाली ओढलं.

"बस. पाणी राहू दे," आई म्हणाली. "सांगून झालं की उठायचं नसतं."