पहाडी बोकडाचा कोप

"निघाला! निघाला!"

मांडवगण फराट्याच्या बाजारात एकच कल्ला झाला. महाराजांनी शेळीचं तोंड फडक्यानं पुसलं आणि आतून लांबलचक पांढरा जंत ओढून वर धरला. महाराजांचा जय म्हणत सगळ्यांनी हात जोडले.

"हिमालयातला रानबोकड बघा! ना डॉक्टर, ना औषध, तरी पोटात एक जंत नाही. ही त्याची लेंडी, पाण्यातून पाजा. पण दवाखान्याचं औषध दिलंत, तर बोकड कोपेल!"

बोकड हिमालयात आणि कोप थेट शिरूर तालुक्यात. पोच चांगली होती.

पण मला हसू येईना. शेळी माझ्या शेजारच्या सरदारबीची होती, गाभण. जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबत होती. बाकीच्या याच आजारात गेलेल्या, दावणीला ही एकटीच उरलेली.

"सरदारबी, डॉक्टरीणबाई आल्यात. पाजू दे औषध."

"नगं अक्का. कोपला म्हंजी? पोटातली करडंबी जातील."

जनावरांच्या डॉक्टर वैष्णवीताईंनी शेळीची पापणी उलटून पाहिली. कागदासारखी पांढरी. "जंतांनी रक्त प्यायलंय. आत्ताच पाजलं पाहिजे."

महाराजांना गावात आणणारे पोपटराव आडवे आले. "हात लावायचा न्हाई!"

"नाही लावत, आप्पा. तो जंत तेवढा द्या."

ताईंनी त्यावर जखमेवर लावायचं आयोडीन टाकलं. जंत निळाकाळा पडला.

"जळाला! पहाडी तेजानं जळाला!" महाराज गरजले.

"आता तुमच्या शिदोरीतली भाकरी द्या, आप्पा."

थेंब पडला. भाकरीही निळीकाळी.

"आयला, भाकरीतबी जंत व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पिठावर आयोडीन असंच काळं पडतं," ताई म्हणाल्या. "जंताच्या अंगात पीठ कुठून येणार?"

महाराज झोळी आवरू लागले. मी त्यांचं ते शेळीचं तोंड पुसलेलं फडकं ओढलं आणि झटकलं. उकडलेल्या शेवयांचा गुंता धुळीत पडला.

पोपटरावांचा आवाज उतरला. "आन् त्यो रानबोकड?"

"त्यालाही जंत असतात, आप्पा. पण तो रानोमाळ चरतो. आपल्या शेळ्या रोज त्याच ओल्या बांधावर, स्वतःच्याच लेंड्यांजवळचं गवत खातात. त्यातूनच जंत पुन्हा पोटात जातात."

सरदारबीनं शेळीचा जबडा उघडला. "पाजा, बाई. कोपला तर माझ्यावर कोपू दे."

दुसऱ्या दिवशी शेळीनं सुबाभळीचा पाला ओढला. कोप काही आला नाही.

बायांनो, कुणी कोपाची भीती घातली, तर आधी त्याचं फडकं झटका. मग शेळीची पापणी उलटून बघा. पांढरी दिसली, तर डॉक्टरला फोन लावा. डॉक्टरचा जय म्हणावा लागत नाही.