जुळं नाणं

सांगलीच्या कॉलेजात गेल्यावर स्वप्नाला नाणी जमवायचा नाद लागला, आणि तिच्या मागोमाग तिच्या बापालाही. नानासो विट्याकडचे, गलाईवाले. दूर सेलमला भाड्याच्या खोलीत भट्टी लावून सोनारांचं जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचे. तेजाबानं बोटं पिवळी पडलेली, नखं काळी. हातात आलेलं नाणं उजेडाला धरून बघायचं आणि लेकीच्या उपयोगाचं वाटलं की बाजूला टाकायचं, ही त्यांना सवयच लागली. शहाण्णव साली त्यांना दोन रुपयांचं एक नाणं गावलं. त्यावरचे सालाचे आकडे दुहेरी दिसत होते. "ह्ये जुळं हाय!" म्हणून त्यांनी ते रुमालात बांधलं आणि सुट्टीला येताना बरोबर आणलं.

त्याच सुमाराला सांगलीत नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळानं प्रदर्शन भरवलं होतं. लोकांनी आणलेली नाणी तपासायच्या टेबलाशी स्वप्ना बसली होती, शेजारी मंडळाच्या अध्यक्षांची मुलगी संयोगिता. संयोगिताच्या बंगल्यावर स्वप्नाचं जाणं-येणं होतं. 'वडिलांचा सोन्याचा व्यवसाय आहे,' असं तिनं तिथं सांगून ठेवलेलं. खोटं नव्हतं ते. पण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं काय उभं राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी नानासो दारात उभे राहिले. मळकी टोपी, एसटीच्या धुळीनं भरलेला पायजमा, काखेत पिशवी. लेकीला बघून तोंडभर हसले.

"आगं..."

"काका, रांगेनं या," स्वप्ना म्हणाली.

शब्द तोंडातून गेला कसा, हे तिचं तिलाच कळलं नाही. नानासोंचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा संयोगिताकडं. मग "व्हय, व्हय" म्हणत रांगेच्या शेवटाला जाऊन उभे राहिले.

त्यांची पाळी येईपर्यंत 'अहो आबा, तुम्ही!' असं म्हणायला स्वप्नाला भरपूर वेळ होता. ती समोरच्या माणसाच्या नाण्याकडं बघत राहिली.

"ताई, ह्ये जरा बगता का? आकडं दोन-दोन दिसत्यात."

बाप आपल्याला ताई म्हणाला. तिनं मान वर न करता भिंग लावलं. आकडे जाडजूड, कडेच्या बाजूला पसरलेले, भोवती सावलीसारखी फुगीर रेघ.

"हे खरं दुहेरी नाही, काका," ती पुस्तकी मराठीत सांगू लागली. "मूळ ठशावरच आकडा दोनदा, जरासा सरकून उमटला असेल तर नाण्यावर दोन्ही आकडे वेगवेगळे उठतात. त्यांच्या कोपऱ्यांशी स्पष्ट खाच दिसते. इथं खाच नाही. ठसा वापरून वापरून झिजला की धातू असा पसरतो आणि आकडा दुहेरी असल्याचा भास होतो. अशी नाणी पुष्कळ सापडतात."

"म्हंजी जुळं न्हवं."

"नाही."

"बरं झालं कळलं. लय नीट सांगितलंसा." त्यांनी नाणं रुमालात बांधलं आणि ते निघाले. संयोगिता हसून म्हणाली, "किती आशेनं येतात ना बिचारे!" स्वप्नाही हसली. त्या हसण्याची तिला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली.

रविवारी ती गावी गेली. नानासो अंगणात बाजेची सुंभं आवळत बसले होते. आई, अंबूबाई, भाकरी थापता थापता बोलू लागली, "आगं, तुज्यासाटनं आबा सांगलीला येऊन गेलं, आन् तू भेटलीच न्हाईस म्हणं. गर्दी लय हुती. पर एक पोरगी बसलीती, तिनं समदं झ्याक समजावून सांगितलं म्हणत्यात. कुणाची गं ती?"

स्वप्नानं हातातला घास ताटात ठेवला. बापानं त्या दिवशी सोसलेलं त्या एवढ्याशा खोट्याखाली झाकून ठेवलं होतं. तिला राहवेना.

"आई, ती मीच. मी आबांना काका म्हणाले. ओळख दिली नाही."

अंबूबाईचे हात परातीतच थांबले. बाहेर सुंभ ओढायचा आवाज बंद झाला. तव्यावरची भाकरी करपत गेली.

नानासो दारात आले. लहानपणापासून त्यांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

"तिला कशाला सांगितलंस?" ते म्हणाले. आवाज चढला आणि मध्येच फुटला. "माजं मी गिळलं हुतं की. आता मी हितं हाय तवर ती रोज माज्या तोंडाकडं बगंल. मग मी सेलमला जाईन, तू सांगलीला. हितं हिनं एकलीनं काय करायचं ह्याचं?"

स्वप्नाला वाटलं होतं, खरं बोललं की मन हलकं होईल. ती खाली मान घालून बसली. आईनं करपलेली भाकरी बाजूला ठेवली, दुसरी भाजली आणि तिच्या ताटात वाढली. वाढताना मात्र तिच्याकडं बघितलं नाही.