पाच मिनिटांचा रकाना

माझा पाय एका जागी ठरत नाही, असं वहिनी नेहमी म्हणते. त्या दिवशी तर मी लॅबमध्ये अकरा वाजेपर्यंत चारदा हात धुतले, धुतलेल्या बरण्या परत विसळल्या आणि मायक्रोस्कोपवर वाकलेल्या आमच्या मोठ्या डॉक्टर बाईंच्या पाठीमागून इतक्या चकरा मारल्या, की त्या न वळताच म्हणाल्या, "अगं, बस की जरा! माझं डोकं गरगरतंय."

बसते कसली! त्यांच्या भिंगाखाली माझ्या दादाची जीभ होती.

जिभेवरच्या गाठीचा तुकडा म्हणायचा, तांदळाच्या दाण्याएवढा. स्लाइडवर नुसता नंबर असतो, त्यामुळे बाईंना पत्ता नव्हता. नात्यातल्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही, हा आमचा नियम. पण बावीस वर्षं हेच केल्यावर माझ्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला जमणार, अशी माझी घमेंड. म्हणून तोंड शिवून बसले होते.

दादा शाळेत कवायत शिकवायचा. त्याने "सावधान" म्हटलं की शेजारच्या शाळेतली पोरंसुद्धा ताठ व्हायची. कॅन्सर झाल्यापासून पाटीवर लिहून बोलतो, आणि लिहूनही भांडतोच. नव्या औषधाच्या चाचणीत एकच जागा उरली होती. ती त्याला द्यायची की नाही, ते या स्लाइडवर ठरणार होतं आणि दुपारपर्यंत कळवायचं होतं.

दादाला मी सगळं समजावलं होतं. पेशीच्या अंगावर दारावरच्या बेलसारखं एक बटण असतं. ते दाबलं की आत निरोप जातो, वाढ. एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत पार आतल्या गाभ्यापर्यंत. तुझ्या गाठीत ते बटण अडकून बसलं असेल, तर हे औषध ते बंद पाडतं. आत निरोप चालू असला की आमच्या रंगाने पेशी तपकिरी दिसतात. यावर दादाने लिहिलं, "इतके दिवस बेल वाजतेय, तर दार का नाही उघडलंत, गाढवांनो?"

"रंग नाही," बाई म्हणाल्या. "अगदी कोरी. या पेशंटला औषधाचा उपयोग नाही. नाही म्हणून कळवते."

 ती स्लाइड कोरी का, ते मला माहीत होतं.

तुकडा शरीराबाहेर आला की तो निरोप मिनिटामिनिटाला पुसला जातो. म्हणून दहा मिनिटांच्या आत तो फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावात, पडलाच पाहिजे, आणि किती मिनिटं लागली ते रजिस्टरमध्ये लिहायचं. मी पाच लिहायची. सकाळी चहा पितापिता पानभर पाच-पाच लिहून मोकळी व्हायची. मला पाचच्या वर लागतातच कुठे?

दादाचा तुकडा काढला त्या दिवशी त्याची ताटली माझ्या हातात आली आणि दाराच्या फटीतून त्याचं स्ट्रेचर दिसलं. म्हटलं, उभ्या उभ्या बघून येते. ताटली टेबलावर ठेवली. तोंडात कापसाचे बोळे कोंबलेल्या दादाने माझं मनगट धरलं ते सोडेचना. खरं सांगायचं तर मलाच सोडवून घ्यायचं नव्हतं. परत आले तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती. मी तुकडा मुकाट्याने फॉर्मॅलिनमध्ये टाकला. रकान्यात पाच आधीच लिहिलेले होते.

बाईंनी फोन उचलला.

"थांबा," मी म्हणाले. "तो माझा भाऊ आहे." आणि मग सगळं भडाभडा बोलून टाकलं. 

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण त्यांनी फोनवर चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि मला एवढंच म्हणाल्या, "पुन्हा कापावं लागेल त्याला. तूच सांग जाऊन."

मी सांगितलं. दादाने पाटी ओढून घेतली. मग लिहिलं, "काप. पण या खेपेला मला बघायला येऊ नकोस. आधी काम."

या खेपेला काम लॅबमधल्या दुसरीने केलं, घड्याळ लावून. मी जिन्यावर बसले, उठले, बसले. चौथ्या दिवशी स्लाइड तपकिरी निघाली. दादाला जागा मिळाली! मी बाईंच्या गळ्यातच पडले.

त्यांनी मला हळूच बाजूला केलं आणि टेबलावर जुनं रजिस्टर उघडलं. वर्षभराची पानं. माझं सुंदर अक्षर. पाच, पाच, पाच.

"यातल्या कोऱ्या निघालेल्या सात जणांना आपण नाही म्हणून कळवलंय," बाई म्हणाल्या. "खरोखर पाच मिनिटं यातल्या कुणाची होती?"

मी पानं उलटून पाहिली. सगळे पाच सारखेच.

त्यांनी नंबरांवरून नावं काढून यादी माझ्यासमोर ठेवली. मी पहिला फोन लावला. एका बाईने उचलला. मी लॅबचं नाव सांगितलं, त्यांच्या यजमानांना पुन्हा तपासायचं आहे म्हणाले.

"ते गेले हो, दोन महिने झाले," त्या म्हणाल्या. मग अगदी साध्या आवाजात, "का? काही राहिलं होतं का?"