लाटेमागची ऊब

मी एक जुना चुंबकमापक आहे, तळहातावर मावेन एवढा. मित्रांनो, आम्ही पाच भावंडं एकाच टेबलावर जन्मलो. चौघे चार उपग्रहांत बसून आकाशात गेले. मी जादाचा म्हणून मागे राहिलो. वर कोणाचं काही बिघडलं, तर ते दुखणं आधी माझ्यावर तपासायचं, हे माझं काम.

माझी जागा बाईंच्या टेबलावर होती. उपग्रहांवर लक्ष ठेवणाऱ्या खोलीच्या बाई प्रमुख. शाळेतली मुलं आली की त्या पेल्यातलं पाणी चमच्याने ढवळत. मोठा भोवरा फुटून लहान होतो, लहान फुटून आणखी लहान. शेवटी भोवरे विरतात आणि पाणी अगदी किंचित तापतं. पण पृथ्वीभोवतीचा विद्युतभारित वायू इतका विरळ आहे, की त्याचे कण एकमेकांवर आपटतच नाहीत. मग भोवरे विरताना तो तापतो कसा, असं त्या विचारत. एक मुलगी म्हणाली, गॅस मोठा करून. बाई दिवसभर आठवून हसत होत्या.

या प्रश्नाच्या उत्तरासाठी चौघेही भाऊ लागतात. चार कोपऱ्यांतून पाहिलं, तरच भोवऱ्याचा आकार कळतो. पण त्यांची स्मृती तोकडी. रोज सकाळी ड्युटीवरच्या माणसाने ढोबळ आलेख पाहायचा आणि कोणता तुकडा बारकाव्यांसकट खाली पाठवायचा ते सांगायचं. न निवडलेलं पुसलं जाई. बाई सगळ्यांना बजावत, की आलेखातल्या उंच लाटेला भुलू नका, तिच्यामागची सपाट रेघ घ्या. मोठे भोवरे तिथेच बारीक होतात.

त्या वर्षी थोरल्याच्या उपग्रहाची बॅटरी थकली होती. लवकरच पृथ्वीची लांब सावली लागणार होती; तिथे ऊन नसतं, त्यामुळे तिच्यातून तो पुन्हा जागा होईल, याची खात्री नव्हती. त्याआधी एक चांगला तुकडा हाती यावा, एवढंच बाईंचं मागणं होतं.

त्याच दिवसांत बाईंचे यजमान दवाखान्यात होते. एका सकाळी फोन आला आणि बाई तशाच उठून गेल्या. ड्युटी त्यांच्या सहकाऱ्याने घेतली. त्यांना सगळे दादा म्हणत, बाईसुद्धा. नेमकी त्याच दिवशी एक प्रचंड लाट आली. बाई दुःखात आहेत, त्यांच्यासाठी सर्वांत मोठं तेच ठेवावं, म्हणून दादांनी सगळी जागा त्या लाटेलाच दिली.

यजमान गेले. बाई कामावर परतल्या आणि आलेखासमोर बसल्या. लाटेमागे जिथे रेघ सपाट होती, नेमकं तिथेच वायूचं तापमान चढलेलं होतं. बारकावे मात्र पुसले गेले होते.

"दादा, ऊब मागे होती."

"मला वाटलं, तुम्हाला तेवढंच बरं वाटेल."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझंही तेच झालं. दवाखान्यात यंत्रं बंद केली, सगळे बाहेर गेले, तशी मीही उठले. थोडं बसायला हवं होतं. हात अजून गरम होता त्यांचा."



मग सावली आली. थोरला उठला नाही. दादा प्रत्येक हाक आधी माझ्यावर तपासून वर पाठवत होते. मी दर वेळी उत्तर दिलं, त्याने एकदाही नाही. बाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचा प्रश्न तसाच होता.

आता मी कपाटात असतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण गलबला ओसरून इथे आता काही उरलं नाही असं वाटेल, तेव्हा लगेच उठू नका. थोडं बसा.