हजेरीची फळी

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही जे पॅड नेता, तशी मी एक जुनी लाकडी फळी आहे. मात्र माझा जन्म शाळेसाठी झाला नव्हता. इंदूरच्या एका कापड मिलमध्ये विष्णू मिस्त्रींनी सागवानाच्या उरलेल्या तुकड्यातून मला कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि वरच्या कडेला लोखंडी चिमटा बसवला. टाइम ऑफिसातल्या वासुदेवरावांनी माझ्यावरून हात फिरवला. "मिस्त्रीजी, एक नंबर काम केलंत," ते म्हणाले. तेवढ्या कौतुकावर मी चौदा वर्षं आनंदाने काढली. तिन्ही पाळ्यांची हजेरी माझ्यावर लागायची. कोण आला, कोण नाही, हे वासुदेवरावांना न बघता सांगता यायचं.

मग मिल बंद झाली. साहेबांना विचारून वासुदेवरावांनी मला घरी आणलं, पण घरात हजेरी कोणाची घेणार? मी माठावरचं झाकण झाले. ओल लागून माझी एक कड फुगली. वासुदेवराव ओट्यावर बसून तोच पेपर दोनदा वाचत. एकदा जेवताना म्हणाले, "निवेदिताची शाळा आठवीपर्यंत पुरे. अजून एक वर्ष आहे, मग बघू." त्यांच्या पत्नी रमाबाईंनी तव्यावरची पोळी उलटली.

मिल बंद झाल्यावर दीड वर्षाने एका संस्थेनं मिल कामगारांच्या वस्त्यांत पाहणी हाती घेतली. मुलं शाळेत जातात का, त्यांच्या अभ्यासात घरातलं कोण लक्ष घालतं, हे घरोघर जाऊन विचारायचं होतं. वासुदेवरावांना तीन महिन्यांचं ते काम मिळालं. त्यांनी मला माठावरून उचललं, उन्हात वाळवलं आणि माझ्या चिमट्यात कोरे फॉर्म अडकवले. मित्रांनो, त्या दिवशी मला काय वाटलं, ते कसं सांगू?

संस्थेच्या पद्मजाताईंनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. यादीतलं एकही घर सोडायचं नाही. आणि समोरचा गप्प बसला, तर आपणही गप्प बसायचं, उत्तर सुचवायचं नाही.

एका दुपारी आम्ही श्रीकृष्णजींकडे गेलो. ते मिलमध्ये मागावर काम करायचे. अभ्यासात कोण लक्ष घालतं, असं विचारताच ते हसले. "लिहा ना भिया, कोणीच नाही. मी अनपढ माणूस, मी काय देखणार?"

त्यांची मंजिरी दारात वेणी घालत होती. ती म्हणाली, "असं कसं बाबा? माझी कविता रोज तुम्हीच ऐकता ना? मी चुकले तर लगेच थांबवता."

"अरे, ऐकून ऐकून पाठ झाली, बस."

फॉर्मवर अशा बापासाठी रकाना नव्हता. वासुदेवरावांनी समासात लिहिलं, 'वडील रोज कविता ऐकतात.' लिहून झाल्यावरही त्यांची पेन्सिल बराच वेळ माझ्यावर टेकून राहिली. परतताना ते सायकलवर बसलेच नाहीत, हातात धरून चालत आले.

शेवटच्या आठवड्यात यादीत त्यांचीच गल्ली आली. स्वतःच्या घराचा फॉर्म ते स्वतःच भरून टाकणार होते. पण रमाबाईंनी मला त्यांच्या हातातून घेतलं. "बसा. मी विचारते." फॉर्म पाहून त्यांनी विचारलं, "मुलीची इयत्ता?"

"सातवी."

"आठवी," आतून निवेदिता म्हणाली. "पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, बाबा."

वासुदेवराव सावरून बसले. ज्या वर्षाच्या भरवशावर ते होते, ते वर्ष संपतही आलं होतं.

"वर्गशिक्षिकेचं नाव?"

रमाबाईंनी उत्तर सुचवलं नाही. हजार माणसांची नावं पाठ असलेला तो माणूस माझ्याकडे बघत बसला.

"शाळेत शेवटचे कधी गेला होतात?"

"पहिलीत नाव घालायला."

"तेव्हाही मीच गेले होते. तुमची पहिली पाळी होती." रमाबाईंनी तसं लिहिलं आणि हळूच विचारलं, "खोडू का?"

"नको. खरं आहे ते."

मग शेवटचा प्रश्न आला. मुलीला कुठवर शिकवणार? रमाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. वासुदेवराव म्हणाले, "निवेदिता, बाहेर ये. तूच सांग."

ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. "आमच्या वर्गाच्या यशोधराबाई म्हणतात, माझं गणित चांगलं आहे. मला बारावी करायची आहे. पुढे जमलं तर कॉलेज."

"लिही," वासुदेवराव रमाबाईंना म्हणाले. "कॉलेज लिही. आपण जमवू."

दुसऱ्या दिवशी मला काखेत मारून ते शाळेत गेले. "मी निवेदिताचा बाप. आजवर आलो नाही, माफ करा."

यशोधराबाई हसल्या. "प्रगतिपुस्तकावर सही मात्र वेळेवर यायची तुमची. बसा." ती सही ते न वाचताच करत आले होते. पुढचा अर्धा तास त्या बोलत होत्या आणि वासुदेवराव आपल्या मुलीबद्दल नवं नवं ऐकत होते. मी त्यांच्या मांडीवर होते. त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

पाहणी संपली. वासुदेवराव सियागंजच्या बाजारात एका दुकानात लागले. पालकसभेच्या दिवशी मात्र सुट्टी मागून घ्यायचे. मी निवेदिताची झाले. दहावी, बारावी, कॉलेज, सगळे पेपर तिने माझ्यावर सोडवले. माझा चिमटा आता सैल पडला आहे, पण कुरकुर करायला जागा नाही. मिस्त्रींनी मला घडवलं आणि त्या घराने मला माठावरून उचलून पुन्हा कामाला लावलं. त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

मित्रांनो, आपल्या वस्तू जपा, हे तर मी सांगेनच. पण घरातलं मोठं माणूस कधी चुकतमाकत विचारेल, "शाळेत काय चाललंय?" तेव्हा "काही नाही" म्हणून निघून जाऊ नका. त्यांना नीट विचारता येत नसेल. तुम्ही जवळ बसा आणि सांगा.