वेग बरोबर आहे

हातमोजे घालून तिने प्रयोगशाळेच्या ओव्हनचं दार उघडलं आणि टेपचं रीळ अलगद बाहेर काढलं. चोपन्न अंश, बरोबर आठ तास. चिकट झालेली जुनी टेप अशी मंद शेकली की काही आठवडे नव्यासारखी चालते. दारावर तिनेच चिठ्ठी लावली होती : ‘आत गाणं आहे. तापमान बदलू नये.’

फोन सकाळपासून चौथ्यांदा वाजला.

“झालं का भाजून?”

“मामा, केक आहे का तो?”

“केक करपला तर दुसरा आणता येतो. हे करपवलंस तर वाघ वरून खाली येईल.”

वाघ म्हणजे मामाच्या बँडचा गायक. दिवसा रेडिओ दुरुस्त करायचा, संध्याकाळी रॉक गायचा. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचं एक गाणं या रिळावर ध्वनिमुद्रित झालं, वाघाने दुकानात बसून त्याच्या कॅसेटी काढल्या, आणि त्या हातोहात खपल्या. गाण्याच्या शेवटी वाघ एका उंच सुरावर चढतो आणि तिथेच थांबतो. त्या सुराला गावभर ‘डरकाळी’ म्हणत. वाघ गेला त्याला रविवारी वर्ष पूर्ण होणार होतं. ज्या सभागृहात बँड पहिल्यांदा वाजला होता तिथेच त्याच्या आठवणीचा कार्यक्रम होता, आणि डरकाळीचं गाणं म्हणणार होती त्याची बायको.

म्हणजे, कालपर्यंत म्हणणार होती.

“काकूंचं काय ठरलं?” तिने विचारलं.

“वहिनी नाही म्हणतात. काल पुन्हा आवाज फाटला. म्हणाल्या, माझी फजिती कशाला, त्याचीच टेप लावा.” मामाचा आवाज उतरला. “वर्षभर गळा तयार केला गं बाईने. शिवणयंत्रावर बसून तेच गाणं.”

तिने रीळ थंड होऊ दिलं. खोका पुन्हा एकदा पाहिला. वाघाच्या दुकानातल्या कपाटात तो मागच्या आठवड्यात सापडला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं : ‘वेग बरोबर आहे. दुरुस्त करू नये.’ तिला हे वाक्य पहिल्यापासून खटकत होतं. बरोबर असलेल्या गोष्टीवर बरोबर आहे असं कोण लिहून ठेवतं?

यंत्रावर रीळ चढवून तिने गाणं संगणकात उतरवून घेतलं आणि आलेख काढला. जुन्या ध्वनिमुद्रणात गाण्याच्या खाली एक बारीक घुमणं असतं. विजेच्या तारांमधून ते येतं, आणि सेकंदाला पन्नास कंपनं हे त्याचं माप ठरलेलं आहे. इथे सुरुवातीला, कोणीतरी खाकरलं तेव्हा, पन्नास होतं. वाघ गायला लागला तसं ते त्रेपन्नवर गेलं. डरकाळीपाशी चोपन्न. गाणं संपलं, आणि पुन्हा पन्नास.

तिने मोजणी तीनदा केली. मग खुर्ची मागे सरकवून ती नुसतीच पडद्याकडे पाहत बसली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेप हळू फिरली होती. म्हणून नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली की गाणं धावायचं, आणि आवाज वर चढायचा. डरकाळीचा तो सूर वाघाने कधी लावलाच नव्हता.

दुपारी ती मामाच्या टायरच्या दुकानात पोचली. मागच्या खोलीत ड्रम मांडले होते. भिंतीवर जुन्या रॉकवाल्यांची पोस्टरं होती. ऊन लागून सगळ्यांचे केस एकाच रंगाचे झाले होते. मूळच्या चौघांतला आता मामाच उरला होता. गिटारला दातांचा डॉक्टर होता, त्याने गाणं कॅसेटवरूनच उचललं होतं. तो संध्याकाळी दवाखाना आटोपून येणार होता. काकू कोपऱ्यात टायरांच्या चळतीवर बसून मामाच्या काळ्या जॅकेटला बटण लावत होत्या.

“या शास्त्रज्ञबाई,” मामा म्हणाला. “वाजवा.”

“आधी एक सांगायचंय.”

तिने सांगितलं. आकडे कमी वापरले. बोलताना ती काकूंकडे पाहत नव्हती.

मामाच्या हातातल्या काड्या वरच राहिल्या. “म्हणजे गाणं खरं तर संथ होतं?”

“थोडं.”

“अगं, चाळीस वर्षं मी कॅसेट लावून वाजवायला बसतो आणि धापा टाकतो! बायकोला सांगतो, तरुणपणी काय हात चालायचा माझा!” त्याने काड्या मांडीवर आपटल्या आणि इतका हसला की डोळे पुसावे लागले. मग काड्या खाली ठेवल्या. “पण वाघाचं काय? लोक त्या डरकाळीसाठी येणार. त्यांना काय सांगायचं, की ती यंत्राची करामत होती?”

“खरं लाव,” काकू म्हणाल्या. सुई त्यांनी बटणातच टोचून ठेवली होती.

तिने लॅपटॉपवर वेग सुधारलेलं गाणं लावलं. सूर खाली आला, आणि आवाजाला अंग आलं. श्वास ऐकू येऊ लागले. शेवटचा सूर आला तेव्हा तो तेवढा उंच नव्हता. पण जाडजूड होता, किंचित खरखरीत, आणि लांब.

काकू हसू लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत.

“हा आमचा माणूस,” त्या म्हणाल्या. “कॅसेटवरचा तो पोरगा कोण, ते मला कधी समजलंच नाही.” मग बटणातली सुई ओढून घेत, “म्हणूनच हे गाणं त्याने पुन्हा कधी गायलं नाही. लोक मागे लागायचे. हा म्हणायचा, घसा बसलाय. चाळीस वर्षं एकाच गाण्यापुरता बसलेला घसा!”

“लबाड!” मामा ओरडला, आणि चहा सांगायला बाहेर गेला. जाताना तेच गाणं खालच्या सुरात गुणगुणत होता.

तिने खोका उघडला. “काकू, एक कोडं मात्र सुटत नाही. यंत्र बिघडलेलं असतं तर घुमणं सगळीकडे चढलेलं दिसलं असतं. हे फक्त गाण्यापुरतंच चढतं. आणि डरकाळीला सगळ्यांत जास्त.”

काकूंनी पडद्यावरचा आलेख पाहिला. मग त्यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट आपसूक वर आलं आणि रिळाच्या कडेवर हलकेच टेकलं.

“यंत्र माझ्या वडिलांचं,” त्या म्हणाल्या. “बटण दाबायला मला बसवलं होतं. लग्न व्हायचं होतं तेव्हा. रीळ फिरताना करकर वाजायचं. त्याच्या गाण्यात ती करकर नको म्हणून मी बोट टेकवून बसले.” त्यांनी बोटाकडे पाहिलं. “आणि शेवटी तो असा काही गायला, की माझं बोट... घट्ट दाबलं गेलं असेल. मी कोणाला बोलले नाही. त्यालाही नाही. गाणं बिघडवलं म्हणेल, वाटलं.”

तिने खोक्याचं झाकण उलटं करून पुढे धरलं.

काकूंनी चष्मा वर सरकवला. पेन्सिलीची ती ओळ त्यांनी वाचली, पुन्हा वाचली. वाघाच्या अक्षरावरून अंगठा फिरवला. बाहेर मामा कोणालातरी ओरडून सांगत होता की चहात साखर दुप्पट हवी.

“रेडिओ दुरुस्त करणारा माणूस,” काकू अखेर म्हणाल्या. “त्याला तर पहिल्याच दिवशी कळलं असणार.”

त्यांनी धागा दातांनी तोडला, जॅकेट बाजूला ठेवलं आणि उठल्या. “डॉक्टरला फोन कर. म्हणावं, दात नंतर उपट, आधी गिटारचा सूर खाली उतरव.”

रविवारी सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. लोक कॅसेटी घेऊन आले होते; काहींच्या घरी त्या वाजवायला यंत्रही उरलं नव्हतं. मामा गाण्याआधी उठला आणि म्हणाला, “आज हे गाणं त्याच्या खऱ्या वेगात,” एवढंच. मग काड्या आपटून त्याने चार मोजले, आणि या वेळी धाप लागली नाही.

ती बाजूला, ध्वनीच्या टेबलापाशी उभी होती. पडद्यावर घुमणं पन्नासवर स्थिर होतं.

काकू शेवटच्या सुरावर आल्या. सूर सापडला, जाड आणि लांब, आणि सभागृह उठून उभं राहिलं. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, मग मंचाकडे. काकूंचे डोळे मिटलेले होते. उजव्या हाताचं पहिलं बोट माईकच्या दांड्यावर टेकलेलं होतं, घट्ट.