वर्तमानकाळातला पुरुष

"बाई, आप अपने को मर्द समझता है?" डॉ. मुखर्जींनी विचारलं.

गोपिकाबाईंनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग शेजारी दुभाषी म्हणून उभ्या असलेल्या कारकुनाकडे, चंपतरावांकडे. "पाच बाळंतपणं झाली माही. मर्दाले होतात का गा?"

साल अठ्ठ्याहत्तर. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या गोपिकाबाईंना त्यांचा मुलगा मधुसूदन कायमचं कॅनडाला बोलावत होता. मुंबईला व्हिसाची मुलाखत झाली. तिथला दुभाषी पुण्याकडचा. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. त्यानं शेरा मारला : 'ही स्त्री स्वतःला पुरुष समजते. म्हणते, मी सैपाक करतो, मी देवळात जातो. मात्र भूतकाळात ती पुन्हा बाई होते. मनाची तपासणी व्हावी.' आता मनाच्या डॉक्टरचा दाखला मिळाला नाही, तर फाईल बंद. नातीला त्यांनी अजून फोटोतच पाहिलं होतं.

चंपतराव नागपूरच्या या दवाखान्यात बावीस वर्षं टायपिंग करत होते. त्यात स्वतःचं असं एकही वाक्य नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हेडक्लार्क त्यांच्या 'मले'ला हसला, तेव्हापासून ते दवाखान्यात 'मला' म्हणत आणि घरी पोचल्यावर तो 'मला' चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "पाच मिनिटांचा प्रश्न आहे. 'करते', 'जाते' म्हणा. सुधारणा झाली, असं लिहून देतो."

"सुधारणा? मले झालं काय होतं?" गोपिकाबाई ताठ बसल्या. "साठीत बोली बदलवून गेली, तं पोरगा म्हणन, हे कोनाची माय आली? तू कोन गावचा गा?"

"काटोलचा."

"तुही माय जेवाले बसवे, तवा काय म्हणे?"

चंपतरावांनी हातातली फाईल मिटली.

"'बस, वाढतो,' म्हणे."

मग ते डॉक्टरांकडे वळले. "सर, मले पाच मिनिटं द्या." आपण 'मले' म्हणालो, हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

त्यांनी व्हरांड्यातून झाडूवाल्या तुळसाबाईंना आत बोलावलं. काय चाललंय? "फरशी पुसतो, साहेब." मागून भाजीची पिशवी घेतलेली एक बाई आली. "नंबर लागला का? कवाची बसून राहिली. घरी जातो नाहीतं." तिसरीला विचारायची गरज पडली नाही.

डॉक्टर कलकत्त्याहून सहा महिन्यांपूर्वी आलेले. बंगालीत क्रियापदाला लिंगच नसतं, त्यामुळे त्यांना इतका वेळ रोगच सापडत नव्हता. आता ते गंभीर झाले.

"पूरा नागपूर?"

"वर्ध्यापलीकडंही पसरलं आहे, सर."

डॉक्टर चष्मा काढून पोटभर हसले. "तुम लिखो. हम साइन करेगा."

चंपतरावांनी लिहिलं : 'बाई पूर्ण शहाणी आहे. तपासणी करायचीच असेल, तर दुभाष्याच्या व्याकरणाची करावी.' ते त्यांनी तीनदा वाचलं आणि एक कार्बन प्रत स्वतःच्या खणात ठेवली.

दोन महिन्यांनी गोपिकाबाई संत्राबर्फी घेऊन आल्या. व्हिसाचा शिक्का बसला होता, घर विकलं होतं, गाय बहिणीकडं दिली होती.

"तिथं भाषेचं कसं कराल, मावशी?"

"माही नात शिकन का नाही?"

उंबऱ्याशी त्या वळल्या. "येतो मी."

इतक्या दिवसांत डॉक्टरांना एवढं कळायला लागलं होतं. "वापस आएगा?"

"नाही, सर. जाणारा आमच्याकडं असंच म्हणते."

'म्हणतो'ऐवजी घरचं 'म्हणते' बोलून चंपतराव बाहेर गेले. व्हरांड्याच्या टोकाला नऊवारीची पाठ दिसत होती.

"ये वं मावशी," ते मोठ्यानं म्हणाले. सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.